सोळा घरं, दहा राग: चरणजित सिंग यांची आठवण

(शिरपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज आपण ज्यांच्याविषयी बोलणार आहोत, त्यांचं नाव इथल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं नसेल. त्यांचं वादन मात्र जवळपास सगळ्यांच्या कानावरून गेलेलं आहे. १९७१ च्या 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातलं 'दम मारो दम' आठवा. त्यात ट्रान्झिकॉर्ड नावाचं, अकॉर्डियनच्या जातीचं एक विजेवर चालणारं वाद्य आहे. ते वाजवणारे चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतात साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकापर्यंत त्यांनी बेस गिटार, ट्रान्झिकॉर्ड आणि पुढे सिंथेसायझर वाजवला. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, अशा मोठमोठ्या संगीतकारांकडे त्यांनी काम केलं. गाण्यात ते होते, पण रेकॉर्डच्या पाकिटावर नव्हते.

याच माणसाने १९८२ साली मुंबईत एक ध्वनिमुद्रिका केली. तिचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. एचएमव्हीने ती काढली. ती फारशी विकली गेली नाही आणि विसरली गेली. पुढे जवळपास तीस वर्षांनी जगभरातले लोक ती ऐकून चकित झाले. आज या ध्वनिमुद्रिकेत नेमकं काय घडतं, ते आपण समजून घेऊ. ती विसरली का गेली आणि परत कशी सापडली, हेही पाहू. आणि त्यातून खान्देशात बसलेल्या आपल्याला काय घेता येईल, तिथपर्यंत जाऊ.

आधी काळ समजून घेऊ

१९८० साली 'कुर्बानी' आला आणि 'आप जैसा कोई' घराघरात पोहोचलं. १९८१ मध्ये नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' हा अल्बम आला. १९८२ च्या अखेरीस 'डिस्को डान्सर' लागला. बाजारात डिस्कोची लाट होती आणि ती स्टुडिओतल्या वादकांच्या हातांतून जात होती. सिंथेसायझर तोवर मुंबईत नवा राहिलेला नव्हता. केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी सत्तरच्या दशकातच तो चित्रपटसंगीतात आणला होता. पण तो वापरला जायचा मसाल्यासारखा. गाण्यात एखादा चमत्कारिक आवाज हवा, भीतीचा प्रसंग आहे, अंतराळ दाखवायचं आहे, की तेवढ्यापुरता सिंथेसायझर. त्याच्यावर अख्खी मैफल बेतावी असं कुणी करत नव्हतं.

आपल्या देशात शुद्ध इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रयोग त्याआधी एका ठिकाणी झाला होता, तोही आपल्या शेजारच्या राज्यात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा करून दिला. त्यामागे गीता साराभाईंचा पुढाकार होता. या त्याच गीताबेन, ज्यांनी १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन केज या संगीतकाराला भारतीय संगीताचे धडे दिले आणि बदल्यात त्याच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं. अहमदाबादचा तो स्टुडिओ काही वर्षंच चालला. तिथल्या टेप संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या आणि त्यांतला निवडक भाग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे चरणजित सिंग आपलं काम करत होते तेव्हा अहमदाबादचं ते काम कुणाला ऐकायलाही मिळत नव्हतं. कुणी घालून दिलेली वाट समोर नव्हती. समोर होती ती तीन यंत्रं.

तीन यंत्रं

तिन्ही रोलँड या जपानी कंपनीची. पहिलं टीआर-८०८. हे ठेका देणारं यंत्र, १९८० साली बाजारात आलेलं. ढोल, झांज, टाळी, सगळे आवाज त्यात विजेच्या मंडलातून तयार होतात. आधी कुणी वाजवून भरून ठेवलेलं त्यात काही नाही. त्याच्या खालच्या बाजूला एका ओळीत सोळा बटणं आहेत. ढोल कुठे पडायला हवा ते बटण दाबून ठरवायचं. एकदा ठरवलं की यंत्र तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं.

दुसरं टीबी-३०३, १९८१ च्या अखेरीस आलेलं. हे खर्जाचे सूर देणारं छोटं यंत्र. एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्याला पाठीमागून बेस मिळावा, एवढाच बनवणाऱ्यांचा हेतू. यातही सोळा घरं. प्रत्येक घरात एक सूर भरायचा, तो जोरात वाजायला हवा की साधा, तो पुढच्या सुरावर घसरत जायला हवा की तुटक, हेही सांगायचं. वर काही चाव्या आहेत. त्या फिरवल्या की आवाजाची धार बदलते, सूर किरकिरतो, चिरकतो, मग पुन्हा मऊ होतो.

तिसरं ज्युपिटर-८. हा मोठा, महागडा कीबोर्ड सिंथेसायझर. एका वेळी आठ स्वर वाजवणारा.

वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी जोडण्याची 'मिडी' नावाची सामाईक पद्धत १९८३ मध्ये आली. त्याआधी एकाच कंपनीची यंत्रं तिच्या स्वतःच्या पद्धतीने तारेने जोडता येत होती. त्यामुळे ८०८ चा ठेका सुरू झाला की ३०३ चे सूर त्याच्याबरोबर बिनचूक चालायचे. एका माणसाला मागे ढोलवाला आणि बेसवाला असे दोन न थकणारे साथीदार मिळाले आणि त्याचे दोन्ही हात कीबोर्डसाठी मोकळे राहिले.

चरणजित सिंग यांनी पुढे मुलाखतींत सांगितलेली कल्पना अगदी साधी होती. चित्रपटांत सगळीकडे डिस्को चाललं होतं. आपण राग वाजवायचे, पण तबला काढून टाकायचा आणि त्याच्या जागी डिस्कोचा ठेका ठेवायचा. ऐकायला गंमत वाटते. पण तबला काढणं म्हणजे काय, हे नीट पाहिलं की या प्रयोगातली खोली कळते.

सोळा मात्रा आणि सोळा घरं

तीनताल आपल्या सगळ्यांना माहीत आहे. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. पहिल्या मात्रेवर सम, पाचवीवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, तेराव्यावर पुन्हा टाळी. खालीला तबलजी डग्गा उचलून घेतो, घुमारा थांबतो. गाणारा कुठेही भटकत असो, घुमारा गेला की त्याला कळतं, अर्धं आवर्तन झालं, आता समेकडे वळायचं. खाली ही ताल चालू असताना मिळणारी खूण आहे.

आता ८०८ ची सोळा बटणं बघा. डिस्कोच्या ठेक्यात ढोल पडतो पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरावर. घरं तीच, तीनतालाच्या विभागांचीच. फरक एवढाच की नवव्या घरावरही तोच धडाका, तेवढ्याच जोराचा. जिथे आपला ताल श्वास घेतो, तिथे यंत्र ठोकून पुढे जातं. शिवाय वेग बघा. मिनिटाला १२० ठोके धरले तर सोळा घरांची एक फेरी दोन सेकंदांत संपते. आवर्तन एवढं छोटं की समेची वाट पाहायला वेळच उरत नाही.

म्हणजे तबला काढल्यावर नुसता एक आवाज गेला नाही. खाली गेली, समेची ओढ गेली, तिहाई घेऊन समेवर येण्याचा आनंद गेला. मग रागाकडे उरलं काय? स्वरांची निवड, त्यांचा क्रम, कुठे थांबायचं आणि कुठून निसटायचं. म्हणजे आलापात जे असतं ते. आलापाला ताल नसतोच. चरणजित सिंग यांच्या या ध्वनिमुद्रिकेत खाली ३०३ आणि ८०८ यांचं न थांबणारं चक्र फिरतं आणि वर ज्युपिटर-८ वर राग उलगडतो, कधी सावकाश, कधी तानांसारखा झरझर. आम्हाला ती ऐकताना नेहमी वाटतं, इथे तंबोऱ्याचं काम हा ठेका करतो. तंबोरा जसा 'आता' आणि 'नंतर' यांतला फरक पुसून एक सलग जमीन देतो, तसा हा ठेका देतो. धडधडणारी जमीन, पण जमीनच.

दहा रागांची निवडही पाहण्यासारखी आहे. एका बाजूला भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती. दुसऱ्या बाजूला मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यांतले भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे पाचच स्वरांचे राग. भूपात मध्यम-निषाद नाहीत, मालकंसात रिषभ-पंचम नाहीत. स्वर कमी असले की रागाचा चेहरा चटकन ओळखू येतो, यंत्राच्या आवाजातही. आणि सुरुवात भैरवीने. आपल्याकडे भैरवी झाली की मैफल उठते. इथे भैरवीनेच पडदा वर जातो.

मग आक्षेपाचं काय?

कुणीही जाणकार म्हणेल, यंत्रावर राग कसला? आक्षेप खरा आहे आणि तो नेमका समजून घ्यायला हवा. संगीताच्या परीक्षांच्या पुस्तकांत मध्य षड्ज २४० कंपनांचा धरतात. तंबोरा चांगला मिळालेला असेल तर त्यातून आपोआप उमटणारा शुद्ध गंधार त्या हिशेबाने ३०० कंपनांचा येतो. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यावरचा गंधार येतो सुमारे ३०२.४. फरक अडीच कंपनांच्या आतला, पण तंबोऱ्याशेजारी तो टोचतो. तोडीचा कोमल गंधार तर नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला लागतो, कीबोर्डच्या ठरलेल्या पट्टीवर तो सापडत नाही. मींडेचंही तसंच. ३०३ मध्ये सूर घसरतो खरा, पण अंतर लहान असो की मोठं, घसरायला तेवढाच वेळ घेतो. गवय्याची मींड मध्ये रेंगाळते, एखाद्या श्रुतीला स्पर्श करून पुढे जाते. यंत्राला रेंगाळणं जमत नाही.

पण हेच सगळे आक्षेप याआधी एका वाद्यावर घेऊन झाले आहेत. ते वाद्य म्हणजे पेटी. तिच्यावर श्रुती नाहीत, मींड नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं होतं. आणि त्याच पेटीने आपलं नाट्यसंगीत पेललं. गोविंदराव टेंब्यांनी तिच्यावर स्वतंत्र वादनाची उंची गाठली. आपल्या गावोगावच्या भजनी मंडळांचा सूर तिच्यावरच धरला जातो. वाद्यात काय नाही याची यादी करून वाद्याचा निकाल लागत नाही. जे आहे त्यातून वाजवणारा काय काढतो, त्यावर लागतो. चरणजित सिंग यांनी यंत्राला गवई बनवायचा प्रयत्न केला नाही. यंत्राचा चिरका, धातूसारखा आवाज त्यांनी लपवलाही नाही. रागाची चौकट त्या आवाजासमोर ठेवली आणि दोघांचं काय होतं ते पाहिलं. प्रयोग म्हणतात तो हाच.

विसर आणि शोध

ध्वनिमुद्रिका चालली नाही. आम्हाला याचं कारण उघड दिसतं. डिस्कोवर नाचणाऱ्याला गाणं हवं होतं, शब्द हवे होते, ओळखीचा आवाज हवा होता. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला डिस्को हा शब्दच खटकणारा. दुकानात ही तबकडी कुठल्या कप्प्यात ठेवायची, हाच प्रश्न. ज्या वस्तूला कप्पा नसतो ती आधी खाली आणि मग मागे सरकत जाते. चरणजित सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले.

२००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत ही जुनी तबकडी मिळाली. काही वर्षांनी मुंबईत त्याने खुद्द चरणजित सिंग यांना गाठलं आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर ती पुन्हा काढली. युरोपात खळबळ उडाली, कारण हा आवाज तिथल्या लोकांच्या ओळखीचा होता. तिकडे त्याला 'अॅसिड हाउस' म्हणतात. टीबी-३०३ बाजारात सपशेल पडलं होतं, १९८४ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं आणि ती यंत्रं जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. तशाच एका यंत्राच्या चाव्या फिरवत शिकागोच्या 'फ्यूचर' नावाच्या गटाने 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी केली. ती १९८७ मध्ये आली आणि तिच्यापासून नाचाच्या संगीताची एक अख्खी शाखा निघाली. मुंबईतल्या तबकडीत तेच यंत्र, तसाच आवाज, पाच वर्षं आधी! काही जणांना तर ही कुणीतरी केलेली थट्टा वाटली, आज बनवून जुनी म्हणून खपवलेली.

मग वर्तमानपत्रांनी मथळे दिले: अॅसिड हाउसचा जनक भारतीय. इथे आपण थोडं थांबू. शिकागोच्या त्या पोरांनी चरणजित सिंग यांची तबकडी ऐकली होती असं दाखवणारा कुठलाही पुरावा नाही. ती भारताबाहेर पोहोचलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. ज्याच्यापासून धारा निघाली नाही त्याला तिचा उगम म्हणता येत नाही. दोन ठिकाणी दोन माणसांच्या हाती एकच यंत्र लागलं आणि दोघांनी ते बनवणाऱ्याच्या मनातही नव्हतं अशा कामाला लावलं, एवढंच खरं आहे.

आणि 'पहिला' हा शिक्का मारून आपण त्यांचं नुकसानच करतो. कारण मग त्यांची किंमत शिकागोच्या तराजूवर ठरते. शिकागोत १९८७ मध्ये काही घडलं नसतं तर ही तबकडी बिनमोलाची ठरली असती का? भूप आणि मालकंस डिस्कोच्या ठेक्यावर ठेवून पाहणाऱ्या माणसाचा प्रश्न शिकागोचा नव्हताच. त्याचा प्रश्न आपला होता: नवं यंत्र दारात आलं आहे, माझ्याजवळ राग आहेत, या दोघांची गाठ घालता येईल का?

पुढे चरणजित सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. सत्तरी ओलांडलेला हा शांत गृहस्थ तिथल्या तरुणांसमोर आपल्या यंत्रांसह उभा राहिला आणि राग वाजवू लागला. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. हयातीत दाद मिळाली, पण ती तीस वर्षं उशिरा आणि दूरच्या देशातून.

आपल्या दारातली यंत्रं

आता शिरपुरात या. लग्नसराईत आपल्या रस्त्यांवरून वरात निघते तेव्हा बँडच्या गाडीवर काय असतं? कीबोर्ड, ज्याला आपण सगळे सरसकट 'कॅसिओ' म्हणतो, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. ऑक्टापॅड. मोठे स्पीकर. आणि त्यावर अहिराणी गाणं वाजतं. कीबोर्डवर शहनाईचा आवाज लावून, बोटाने सूर वाकवून, ऑक्टापॅडच्या ठेक्यावर वादक नाचणाऱ्यांना तासन्‌तास खेळवत ठेवतो. परदेशात बनलेलं यंत्र आणि खान्देशातली चाल, यांची गाठ तो रोज घालतो. कीबोर्डमध्ये तयार येणारा ठेका त्याला पुरत नाही, तो आपला ठेका त्यात भरून घेतो. १९८२ साली मुंबईत विचारलेला प्रश्न इथे हळदीच्या रात्री विचारला जातो आणि तिथल्या तिथे उत्तरही मिळतं.

फरक कुठे आहे? चरणजित सिंग यांचं काम परत सापडलं, कारण तबकडी छापली गेली होती आणि तिच्यावर त्यांचं नाव होतं. अहमदाबादच्या टेप सापडल्या, कारण संस्थेने त्या कपाटात ठेवल्या होत्या. ज्या शेकडो चित्रपटगीतांत चरणजित सिंग वाजवत होते, त्यांतल्या कितीतरी गाण्यांत बेस कुणाचा, हे आज सांगता येत नाही. कारण तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही आणि आता विचारायला माणसं उरली नाहीत. विस्मरणाची सुरुवात अशीच होते. दुष्टपणाने होत नाही, 'त्यात काय लिहायचं?' म्हटल्याने होते.

आपल्या बँडवाल्यांचं वादन आज मोबाइलवर, पेनड्राइव्हवर फिरतं. फाइलला नाव असतं गाण्याचं, फार तर बँडचं. कीबोर्ड कुणी वाजवला, ठेका कुणी बसवला, साल कुठलं, काही नसतं. पेनड्राइव्ह खराब झाला की तेही जातं. तीस वर्षांनी कुणी शोधत आलंच, तर त्याला काय सापडेल?

म्हणून ऐकणाऱ्यांना आमची विनंती आहे. ही तबकडी आता सहज ऐकायला मिळते, ती ऐका. सुरुवात भूपापासून करा, तो चटकन ओळखू येईल. ऐकताना ढोलाचे चार ठोके मोजा आणि तिसऱ्या ठोक्यावर, जिथे आपली खाली असायला हवी होती, तिथे कान लावा. नंतर गावातल्या एखाद्या कीबोर्डवाल्याकडे जा. ठेका कसा भरतो ते त्याला विचारा, त्याला सांगायला आवडेल. त्याचं वादन रेकॉर्ड करा आणि फाइलच्या नावात त्याच्या परवानगीने त्याचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि साल लिहा. एवढं लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.